विश्लेषण : वकिली सोडून नागरिकशास्त्राच्या वर्गात… या वाटेवर नेमके काय मिळते, काय जाते?

जमिनीच्या फेरफाराची नोटीस घरी येते. हरकत घ्यायला १५ दिवसांची मुदत असते. नोटीस कपाटात किंवा पिशवीत राहते, नोंद मंजूर होते आणि काही वर्षांनी तोच कागद घेऊन माणूस तालुक्याच्या कोर्टात वकिलाच्या टेबलापाशी उभा राहतो. मग वकीलपत्र, तारखा, खर्च. ग्रामीण भागात दिवाणी वकिली करणाऱ्या जवळपास प्रत्येकाने ही गोष्ट पाहिलेली असते. त्यातल्या काहींच्या मनात एक विचार येऊन जातो : हे या माणसाला शाळेतच कुणी सांगितले असते तर? त्या विचाराच्या मागे जाऊन वकिली सोडणे, नागरिकशास्त्र शिकवणे आणि ते कसे शिकवावे यावर संशोधन करणे शक्य आहे का? नियम काय सांगतात, पैशांचे गणित कसे बसते आणि पाटणसारख्या तालुक्यात याची गरज किती, याचा हा आढावा.

शाळेत नागरिकशास्त्राला जागा किती?

राज्य मंडळाच्या शाळांत हा विषय सहावीपासून स्वतंत्र भाग म्हणून दिसतो, पण इतिहासाच्या पुस्तकाच्या मागच्या बाजूला. सहावीत ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपालिका. सातवीत संविधानाची ओळख, उद्देशिका आणि मूलभूत हक्क. आठवीत संसद, न्यायव्यवस्था, राज्यशासन. नववीत परराष्ट्र धोरण आणि संयुक्त राष्ट्रे. दहावीत ‘राज्यशास्त्र’ या नावाने निवडणूक प्रक्रिया, राजकीय पक्ष, चळवळी आणि लोकशाहीपुढील आव्हाने. अभ्यासक्रमाची आखणी वाईट नाही. अडचण वजनाची आहे. दहावीच्या ४० गुणांच्या इतिहास व राज्यशास्त्राच्या लेखी परीक्षेत इतिहासाला २८ आणि राज्यशास्त्राला १२ गुण असतात. १२ गुणांच्या भागाला शिक्षक किती तास देणार आणि विद्यार्थी किती रात्री जागणार, हे वेगळे सांगायला नको.

दुसरी अडचण क्रमाची. ग्रामसभा हा विषय मूल अकराव्या वर्षी शिकते आणि ग्रामसभेत मत मांडण्याचा हक्क मिळतो अठराव्या वर्षी. मधल्या सात वर्षांत तो धडा पुन्हा फारसा समोर येत नाही. ग्रामसभेची गणपूर्ती १५ टक्के मतदार किंवा १०० मतदार, यांपैकी कमी असलेल्या संख्येवर ठरते. महिलांची सभा आधी घ्यायची असते. अर्ज बारनिशीत देऊन पोच घ्यायची असते. माहिती अधिकाराच्या अर्जाला १० रुपये शुल्क आणि उत्तराला ३० दिवस लागतात. या बारीक गोष्टी सहावीच्या मुलाच्या लक्षात राहणे अवघडच. पण गावात नेमकी त्यांचीच गरज पडते.

पाटणमध्ये हा प्रश्न एवढा जवळचा का?

पाटण हा कोयनेचा तालुका. १९५० च्या दशकात येथे धरणाचे काम सुरू झाले आणि शिवसागर जलाशयाखाली गावे गेली. माणसे सातारा, सांगली, सोलापूर, रायगड, ठाणे अशा जिल्ह्यांत विखुरली. महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा पहिला कायदा आला तो १९७६ मध्ये, म्हणजे धरण उभे राहिल्यानंतर. ज्यांनी जमीन दिली त्यांच्यासाठी तेव्हा कायदाच नव्हता. कायदा आला तेव्हा पुढची पिढी कागद गोळा करत होती. आज तिसरी पिढी प्रकल्पग्रस्त दाखल्यासाठी आणि पर्यायी जमिनीसाठी दारे ठोठावते आहे. अशा घरात सातबारा, संकलन यादी, ठराव आणि आदेश हे शब्द वाचता येणे आणि न येणे यात मोठा फरक पडतो.

त्यावर जंगलाचा पदर आला. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. पश्चिम घाटातील पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राचा सहावा मसुदा केंद्राने ३१ जुलै २०२४ रोजी काढला. सहा राज्यांतील सुमारे ५६,८०० चौरस किलोमीटर क्षेत्राचा त्यात समावेश होता आणि हरकतींसाठी ६० दिवस देण्यात आले. मसुदा म्हणजे काय, अंतिम अधिसूचना म्हणजे काय, हरकत कोणाकडे आणि कशी नोंदवायची, ग्रामसभेच्या ठरावाचे वजन किती, हे ज्या गावाला माहीत आहे ते गाव त्या ६० दिवसांत काही करू शकते. बाजूने असो वा विरोधात, लेखी म्हणणे मांडू शकते. ज्याला माहीत नाही, ते गाव नंतर मोर्चा काढते किंवा वकील शोधते.

या भागाला नागरिकत्वाचा धडा नवा नाही. १९४२ नंतर क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारच्या काळात तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सातारा आणि सांगलीत, गावोगावी न्यायदान मंडळे चालली. तंटे गावातच ऐकले जात होते. त्या पद्धतीवर वाद घालता येईल. पण कारभार हा आपला विषय आहे, हे या मातीला पुस्तकाआधी ठाऊक होते.

याआधी ही वाट कोणी धरली?

कायदा शिकून शिक्षणाकडे वळणे ही महाराष्ट्रात जुनी गोष्ट आहे. लोकमान्य टिळकांनी १८७९ मध्ये एलएलबी पूर्ण केले, पण वकिली न करता १८८० मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्यासोबत पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. १८९० मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडल्यावर त्यांनी उपजीविकेसाठी काही काळ कायद्याचे खासगी वर्गही चालवले. म्हणजे सोडलेली विद्या पुन्हा पोटासाठी कामी आली. साताऱ्यात वकिली करणारे न. चिं. केळकर १८९६ मध्ये ती सोडून टिळकांच्या बोलावण्यावरून पुण्याला गेले आणि पत्रकारितेतून लोकशिक्षणाच्या कामाला लागले.

सर्वात जवळचे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. त्यांचे शालेय शिक्षण साताऱ्यात सुरू झाले. ७ नोव्हेंबर १९०० हा त्यांच्या शाळाप्रवेशाचा दिवस राज्यात ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून पाळला जातो. बॅरिस्टर झाल्यावर त्यांनी मुंबईत वकिली केली. त्याच काळात बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवला आणि १९३५ मध्ये ते शासकीय विधि महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. वकिली आणि अध्यापन ही दोन्ही कामे त्यांनी अनेक वर्षे जोडीने केली. संविधान लागू झाल्यानंतर, आयुष्याच्या अखेरच्या वर्षात, त्यांनी जुलै १९५६ मध्ये मुंबईत राजकारणात प्रवेश करू इच्छिणाऱ्यांसाठी प्रशिक्षण विद्यालय सुरू केले. पहिल्या तुकडीत १५ विद्यार्थी होते. ६ डिसेंबरला त्यांचे निधन झाले आणि १९५७ मध्ये विद्यालय बंद पडले. ज्यांनी देशाचा सर्वोच्च कायदा लिहिण्याचे काम केले, त्यांना शेवटी तो चालवणारी माणसे घडवण्यासाठी वर्ग काढावासा वाटला, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

पाटणचे स्वतःचे उदाहरण थोडे वेगळे. बाळासाहेब देसाई हे पेशाने वकील. १९५२ मध्ये पाटणमधून विधानसभेत गेले आणि पुढे राज्याचे शिक्षणमंत्री झाले. पालकांचे वार्षिक उत्पन्न १२०० रुपयांपेक्षा कमी असलेल्या विद्यार्थ्यांना फी-माफी देण्याचा निर्णय त्यांच्या नावाशी जोडला जातो. ते वर्गात शिकवायला गेले नाहीत. पण एकेका अशिलाचा दावा लढण्याऐवजी हजारो मुलांना वर्गापर्यंत पोहोचवण्याचे काम त्यांनी केले. मुले वर्गात आली. त्या वर्गात नागरिकत्व कसे शिकवायचे, हा प्रश्न पुढच्यांसाठी राहिला.

वकिली खरोखर सोडावी लागते का?

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियम ४९ नुसार वकिली करणाऱ्या व्यक्तीला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. शाळेत किंवा महाविद्यालयात पूर्णवेळ शिक्षक व्हायचे तर वकिली थांबवून, मूळ नोंदणी प्रमाणपत्रासह तसे राज्य विधिज्ञ परिषदेला कळवावे लागते. आपल्याकडे ती महाराष्ट्र आणि गोवा विधिज्ञ परिषद. याला बोलीभाषेत ‘सनद स्थगित करणे’ म्हणतात. सनद कायमची जात नाही. नोकरी सुटल्यावर अर्ज करून वकिली पुन्हा सुरू करता येते. न कळवता दोन्ही चालू ठेवणे मात्र गैरवर्तन ठरू शकते.

पण मधली वाट आहे. नियम ५१ नुसार पूर्णवेळ नोकरी आणि जाहिरातबाजी यांबाबतची बंधने पाळून वकिलाला व्याख्याने देता येतात, पत्रकारिता करता येते आणि कायद्याचे तसेच कायद्याबाहेरचे विषयही शिकवता येतात. नियम ५२ नुसार परिषदेच्या संमतीने, व्यवसायाशी विसंगत नसलेली अर्धवेळ नोकरी करता येते. विधि महाविद्यालयात शिकवणाऱ्यांसाठी १९७९ चे स्वतंत्र नियम आहेत. दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त नसलेले कायद्याचे अध्यापन वकिलीसोबत चालते. थोडक्यात, आठवड्यातून दोन दिवस शाळेत जाऊन नागरिकशास्त्राचा तास घेण्यासाठी सनद सोडण्याची गरज नाही. पूर्णवेळ पगार घ्यायचा असेल तेव्हाच तो प्रश्न येतो.

शाळेत शिक्षक व्हायचे तर पात्रता काय?

एलएलबी ही शाळेत शिकवण्याची पात्रता नाही. त्यासाठी दोन वर्षांची बीएड पदवी लागते आणि राज्यात तिच्या प्रवेशासाठी सीईटी द्यावी लागते. पदवीला कोणते विषय होते, त्यावर अध्यापनाचा विषय ठरतो. म्हणून बीकॉमनंतर वकील झालेल्याने आधी चौकशी केलेली बरी. सहावी ते आठवीला शिकवायचे तर शिक्षक पात्रता परीक्षेचा, म्हणजे टीईटीचा, दुसरा पेपर उत्तीर्ण व्हावा लागतो. १५० गुणांच्या या परीक्षेत खुल्या वर्गाला ६० टक्के, म्हणजे ९० गुण लागतात. त्यानंतर २०० गुणांची अभियोग्यता चाचणी आणि ‘पवित्र’ पोर्टलवरून निवड होते. वयोमर्यादाही असते. त्यामुळे चाळिशीच्या जवळ आलेल्या वकिलाने जाहिरातीतील अट सर्वात आधी वाचावी.

आता पैशांचे. पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर जातात. २०२३ मधील वाढीनंतर हे मानधन पहिली ते आठवीसाठी दरमहा १६ हजार, नववी-दहावीसाठी १८ हजार आणि अकरावी-बारावीसाठी २० हजार रुपये झाले. बीएडची दोन वर्षे आणि ही तीन वर्षे धरली तर पूर्ण वेतनश्रेणी मिळेपर्यंत किमान पाच वर्षे जातात, तीही निवड वेळेत झाली तर. तालुक्याच्या कोर्टात जम बसलेल्या वकिलासाठी ही मोठी घट आहे. नवख्या वकिलासाठी तितकी नसेल, कारण सुरुवातीच्या वर्षांत वरिष्ठांकडे काम करताना हातात काय पडते हे त्यालाच माहीत असते. घरात दुसरे उत्पन्न आहे का, शेतीचा आधार आहे का, कर्जाचा हप्ता किती, ही चर्चा घरच्यांशी आधी व्हायला हवी. वकिली सोडल्यावर हे विषय निघाले तर ते भांडण होते.

महाविद्यालय आणि संशोधनाचा रस्ता कसा?

महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवायला त्या विषयात ५५ टक्क्यांनी एमए आणि नेट, सेट किंवा पीएचडी लागते. एलएलएम आणि नेट असेल तर विधि महाविद्यालयाचे दार उघडते, राज्यशास्त्राचे नाही. नोकरी किंवा वकिली सांभाळून एमए करणाऱ्यांसाठी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा पर्याय आहे. नियमित शिक्षणासाठी सातारा, सांगली आणि कोल्हापूर हे जिल्हे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. १९६२ पासून ते या भागाचे विद्यापीठ आहे.

पीएचडीला २०२२ च्या नियमांप्रमाणे किमान तीन आणि साधारणपणे कमाल सहा वर्षे मिळतात. विषय तीन विभागांत बसू शकतो : शिक्षणशास्त्र, राज्यशास्त्र किंवा कायदा. मार्गदर्शक कुठल्या विभागात मिळतो, यावर बरेच अवलंबून असते. कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळाली तर २०२३ पासून दरमहा ३७ हजार रुपये आहेत, पण तिला वयाची अट आहे. कायमची प्राध्यापकपदे कमी आणि तासिका तत्त्वावरचे काम जास्त, हे वास्तव मात्र डोळ्यांआड करता येत नाही.

संशोधनात शोधायचे तरी काय?

नागरिकशिक्षणावरचा मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास ‘आयसीसीएस’ या नावाने २००९, २०१६ आणि २०२२ मध्ये झाला. आठवीच्या आसपासच्या मुलांना काय कळते आणि ती सार्वजनिक जीवनाकडे कशी पाहतात, हे तो तपासतो. त्यातून वारंवार पुढे आलेली एक गोष्ट अशी की, ज्या वर्गात मुलांना प्रश्न विचारायला आणि वेगळे मत मांडायला मोकळीक असते, तिथे नागरिकत्वाची समजही चांगली आढळते. भारत या अभ्यासात सहभागी नव्हता. त्यामुळे पाटणच्या आठवीतल्या मुलीला तिच्या ग्रामपंचायतीबद्दल काय ठाऊक आहे, याचे उत्तर त्या अहवालांत नाही. ते इथेच शोधावे लागेल.

प्रश्न साधे असू शकतात. ग्रामसभा प्रत्यक्ष पाहिलेल्या आणि केवळ धडा वाचलेल्या मुलांत काय फरक पडतो? प्रकल्पग्रस्त घरातील मूल ‘शासन’ या शब्दाचा अर्थ काय सांगते? नागरिकशास्त्राच्या तासाला किती मिनिटे मिळतात आणि त्यात मुले किती बोलतात? परदेशात वकिलांनी या कामात घेतलेला पुढाकार नवा नाही. अमेरिकेत १९७२ मध्ये जॉर्जटाऊन विद्यापीठातील कायद्याच्या विद्यार्थ्यांनी शाळांत जाऊन रोजच्या जगण्यातला कायदा शिकवायला सुरुवात केली. ‘स्ट्रीट लॉ’ नावाने तो उपक्रम पुढे अनेक देशांत गेला. इंग्लंडने २००२ पासून माध्यमिक शाळांत नागरिकत्व हा विषय सक्तीचा केला. आपल्याकडे २००९ मध्ये बीड जिल्ह्यातील शाळांत सुरू झालेला ‘मूल्यवर्धन’ हा कार्यक्रम संविधानातील मूल्यांना वर्गातल्या कृतींशी जोडतो.

वकिलाला वर्गात काय सोडून द्यावे लागते?

वकिलाकडे शिक्षकाला हेवा वाटावा असे भांडवल असते. कागद कुठे अडतो, साहेब काय विचारतात, मुदत चुकली की काय होते, हे त्याने पाहिलेले असते. पण तीच सवय वर्गात आडवी येते. कोर्टात वकील एका बाजूचा असतो, वर्गात त्याला सगळ्या बाजूंना जागा द्यावी लागते. कोर्टात ज्या प्रश्नाचे उत्तर माहीत नाही तो साक्षीदाराला विचारायचा नाही, असे शिकवतात. वर्गात नेमके तसेच प्रश्न विचारायचे असतात. कलमांचे आकडे पाठ करून घेण्याचा मोह मोठा असतो. कलम २१ पाठ असलेल्या मुलाला रेशनकार्डातले नाव कसे दुरुस्त करायचे हे सांगता येत नसेल, तर तो तास वाया गेला.

आणखी एक जबाबदारी आहे. व्याघ्र प्रकल्प असो की धरण, गावात दोन मते असतात आणि त्या दोन्ही घरांतली मुले एकाच बाकावर बसतात. शिक्षकाने आपले मत शिकवायचे नाही, मत बनवायची रीत शिकवायची. जो वकील कालपर्यंत एखाद्या बाजूने लढत होता, त्याला हे सर्वात जड जाते.

सुरुवात कुठून करावी?

सनद न सोडता सुरुवात करता येते. विधि सेवा प्राधिकरण कायदा १९८७ नुसार तालुका विधि सेवा समित्यांची तरतूद आहे आणि शाळा-गावांत कायदेविषयक शिबिरे त्यांच्यामार्फत होतात. एका शिबिरात भाषण करून परतण्याऐवजी एकाच शाळेत वर्षभर, महिन्यातून दोनदा, एकच वर्ग घेऊन पाहावा. पहिल्या तासाला सातबारा, दुसऱ्याला ग्रामपंचायतीचा ठराव, तिसऱ्याला माहिती अधिकाराचा अर्ज. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्यावी, इतिहासाच्या शिक्षकांना सोबत घ्यावे आणि प्रत्येक तासानंतर मुलांनी विचारलेले प्रश्न वहीत उतरवावेत. ही वही हेच संशोधनाचे पहिले साहित्य ठरू शकते.

वर्षअखेर दोन गोष्टी कळतात. आपल्याला वर्ग घेता येतो का, आणि कोर्टाच्या तारखांपेक्षा त्या तासाची ओढ जास्त आहे का. दोन्हींचे उत्तर होय असेल, तर बीएडचा किंवा एमएचा अर्ज भरावा, घरचा हिशेब मांडावा आणि मग सनदेचा निर्णय घ्यावा. उत्तर नाही असेल तरी नुकसान झालेले नसते. निदान एका वर्गातली तीस-चाळीस मुले सातबारा वाचायला शिकलेली असतात. त्यांच्यापैकी एखाद्या घरात उद्या फेरफाराची नोटीस आली, तर ती १५ दिवसांच्या आत कुणीतरी वाचेल.